हौसाआत्तीचा भोपळा गातो

कॅनॉलला पाणी सुटलं आणि आमच्या घरात भांडण शिरलं. त्याआधी भांडायला होतं काय म्हणा! कोरडवाहू रान. जोंधळा पेरायचा, आभाळाकडं तोंड करून बसायचं, पिकलं तर खायचं. पाणी आलं तसा माझ्या आबाला जिकडं तिकडं ऊस दिसायला लागला. जेवताना भाकरी मोडायची सोडून भिंतीकडं बघत बसायचा आणि मधेच म्हणायचा, "आखाडात आडसाली ऊस लावतो. सगळं रान एकसारखं करून टाकतो बग."

"सगळं म्हंजे?" हौसाआत्तीनं एकदा विचारलं.

"सगळं म्हंजे सगळं. वड्याकडंचं पन."

आत्तीच्या हातातला घास हातातच राहिला. ओढ्याकडची चिंचोळी पट्टी म्हणजे तिचं रान. हौसाआत्ती आबाची धाकटी बहीण. नवऱ्यानं दुसरी आणून घरात बसवली तशी ही लुगड्याचं गाठोडं काखेत मारून माहेरी आली. आजा तेव्हा जिवंत होता. त्यानं ती पट्टी तिच्या हवाली केली आणि म्हणाला, "हितं भोपळं लाव. कुनाच्या दारात हात पसरू नगंस." आजा गेला, पट्टी राहिली. त्या पट्टीच्या जोरावर आत्ती आमच्या घरात मान वर करून भाकरी खात होती. पट्टी गेली तर ती नुसती भावाच्या घरातली बाई. मग दुसऱ्याच्या बांधावर खुरपायला जाणं आलं आणि भावजयीच्या तोंडाकडं बघून वाढून घेणं आलं.

आई काही वाईट नव्हती. पण आईला ऊस हवा होता आणि गावात नुकतीच आलेली पिठाची गिरणीही हवी होती. पहाटे उठून जातं ओढून तिचे खांदे भरून यायचे. "गिरनी आली बाई एकदाची," म्हणायची. "आता माजं हात सुटतील. बाकीच्यांचं बाकीचे बघतील." बाकीचे म्हणजे कोण हे न सांगताच सगळ्यांना कळायचं. दिवसभर दोघींचं बोलणं सोजर नावाच्या पोरीमार्फत चालायचं. सोजर म्हणजे मी. "सोजरे, तुज्या आत्तीला म्हनावं शेन काडलं का." "सोजरे, तुज्या आईला म्हनावं काडलं."

आता माझे केस पिकले. सोलापुरात कुठं गाण्याची बैठक असली की मी चप्पल काढून पार पुढं जाऊन बसते. गवई यायच्या आधी मागं तंबोरे जुळवत बसतात ना, मला तेच ऐकायचं असतं. नातू म्हणतो, "आज्जी, अजून गाणं सुरूच झालं नाही, डोळे मिटून काय बसलीस?" मी म्हणते, "गप बस. तुझ्या पणज्यासारखं बोलू नकोस." त्याला काय कळणार? त्यानं आत्तीचं रान कुठं बघितलंय!

ते भोपळे खायचे नव्हेत. कडूजहर. चुकून जिभेला लागला तर दिवसभर तोंड वाकडं. ढोरंसुद्धा तोंड लावत नाहीत. ते मिरजेला जायचे, तंबोऱ्याला. मिरजेहून दस्तगीरचाचा बारक्या गाडीनं, म्हणजे अरुंद रुळांच्या रेल्वेनं यायचा, शिमगा झाला की. फळांवर बोटाच्या पेरानं टकटक करायचा, कान लावायचा, हवे ते घ्यायचा. एवढंच आम्हाला ठाऊक. आजानं जन्मभर भोपळे लावले, आत्तीनं त्याच्यामागं लावले, पण तंबोरा म्हणजे नेमकं काय वाजतं ते आमच्या गावात कुणाच्याच कानावर पडलं नव्हतं. शेत आमचं, फळ आमचं, आणि गाणं मात्र बारक्या गाडीनं परगावी.

मला त्या रानाचं वेडच होतं. मिरगाआधी आत्ती आळी खणायची, कुजलेलं शेणखत घालायची, बी रात्रभर दुधाच्या पाण्यात भिजवून टोकायची. वेल धावायला लागला की मग माघार नाही. फळ धरलं की खाली वाळला पालापाचोळा आणि राख, म्हणजे ओल लागत नाही. मग रोज सकाळी एकेका फळाला दोन्ही हातांनी उचलून जरासं फिरवायचं, एका अंगावर झोपलं तर चपटं होतं. लेकरू कूस बदलतं तसं. आत्तीच्या टाचांना भेगा पडलेल्या, चालताना मातीत रुतायच्या. पण फळाला हात लावायची तेव्हा हात कापसाचा व्हायचा.

आणि एक शिस्त. कोवळ्या फळाकडं बोट दाखवायचं नाही. बोट दाखवलं की फळ कुजतं. दाखवायचंच झालं तर मूठ वळून दाखवायची. मी भोपळे मुठीनंच मोजायची. शेजारचा दौलातात्या मुद्दाम बांधावर उभा राहून बोट नाचवायचा.

"हौसे, त्यो बग, त्यो मोटा! अन् त्यो!"

"मुडद्या, बोट खाली घे!" आत्ती खुरपं उगारून धावायची. "बोट तुटून पडंल तुजं."

"आगं पर त्येचं करतीस काय? न्हाई भाजी, न्हाई भाकरी."

"गातंय त्ये. माजा भोपळा गातो. तुज्यावानी नुसतं पोट न्हाई त्येला."

झालं. "हौसाचा भोपळा गातो" हे गावाच्या तोंडी बसलं. आडावर बाया विचारायच्या, "काय गं, काल काय गायला?" पोरं माझ्या मागं लागायची. मी रडत घरी यायची, तर आत्ती म्हणायची, "रडतीस काय? गातोच त्यो." तिनं कुठं ऐकलं होतं? चाचानं सांगितलेलं, तेवढ्यावर तिचा विश्वास.

त्या साली मार्गशीर्षात अवकाळी लागला. दुपारी आभाळ काळं झालं आणि आत्ती जेवणाच्या ताटावरून उठली. फळं तेव्हा वेलावरच वाळत होती, साल पिवळी पडून टणक व्हायच्या बेतात. अशा वेळी पाणी बसलं की डाग पडतो आणि डाग आत उतरतो. आत्ती कडब्याच्या पेंढ्या ओढत रानाकडं पळाली, मी मागं. आबा ज्वारी झाकायला वरच्या रानात. आम्ही दोघी चिखलात गुडघे टेकून फळावर कडबा पसरत होतो, वारा तो उडवत होता. थेंब पडायला लागले तशी आई आली. डोक्यावर घरातल्या वाकळा.

"धरा," ती म्हणाली. आत्तीला नव्हे, वाऱ्याला म्हणाल्यासारखं. "अंगावर घ्यायच्या वाकळा भोपळ्याला घाला. ह्येच बगायचं ऱ्हायलं हुतं माज्या नशिबात."

पण घातल्या. कडेला दगड ठेवून दाबल्या. ती गारठ्याची रात्र आम्ही पोत्यावर काढली आणि आई रात्रभर बडबडत राहिली.

एवढं करूनही निम्मं रान सडलं. सकाळी आत्ती एकेक फळ उचलायची, बुडाला अंगठा दाबायची, अंगठा आत जायचा. ती फळ बाजूला ठेवायची. मी कुणी बोट दाखवलं असेल म्हणून दौलातात्याला शिव्या घालत होते. आत्ती म्हणाली, "त्येचं बोट कशाला, देवानंच हात दावलाय."

शिमगा झाला आणि चाचा आला. पांढरी दाढी, कोपरापर्यंत लाखेचे डाग पडलेले हात, खांद्यावर शबनम. खळ्यावर मांडलेल्या फळांसमोर उकिडवा बसला. टकटक. कान. टकटक. कान. एकेक बाजूला सारत गेला. आबा खांबाला टेकून बघत होता. शेवटी चाचाच्या उजव्या हाताला अगदी थोडी फळं उरली.

"बाकीच्यात आवाज न्हाय, हौसाबाई," चाचा म्हणाला. "मुकी झाली ती. पानी बसलं."

"बगितलंस?" आबा म्हणाला. आवाजात राग नव्हता, तेच वाईट होतं. रागावलेल्या माणसाशी भांडता तरी येतं. "वरीसभर राबायचं आन हातात काय? हौसे, हे शेवटचं. आखाडात नांगर घालनार मी. तू जीव लावू नगंस आता."

 आत्ती एकदम चाचाला म्हणाली, "चाचा, एक काम करा माजं. एकडाव तंबोरा आना हितं. माज्या दादाला ऐकवा. त्येला ठावं न्हाई आपन काय पिकीवतोय ते. एकडाव ऐकलं का त्यो न्हाई मोडायचा रान."

आबा हसला. "आन, आन. ऐकू की. गायला तुजा भोपळा तर मोडत न्हाई, जा!"

हे दौलातात्यानं ऐकलं. मग सगळ्या गावानं ऐकलंच.

चाचा जरा घुटमळला. तंबोरा बाजारात न्यायची चीज नव्हे. पण आत्तीचं तोंड बघून म्हणाला, "बार्शीला एका गानाऱ्या बाईंचा तंबोरा पोचवायचाय. जनानी हाय, लहान. वाटंत उतरतो बिस्तरवारी. आन तुमाला सांगू का? त्येचा भोपळा ह्याच रानातला हाय, मागल्या सालचा."

त्या आठवड्यात आत्तीचा पाय जमिनीवर नव्हता. खळं सारवलं. मला सारखं विचारायची, "सोजरे, काय गाईल गं? देवाचं गाईल का?" मी म्हणायची, "त्येनं बैलपोळ्याचं गानं गायला पायजे." आई चुलीपुढून म्हणायची, "गाईल आन नाचंल बी."

बिस्तरवारी उन्हं कलली तसं खळं भरलं. बाया एका अंगाला, गडी एका अंगाला. दौलातात्या तर नवं मुंडासं बांधून आलेला. चाचानं गवसणी काढली आणि सगळे गप झाले. तो आमचा भोपळा होता! तांबूस, तेल पाजल्यासारखा चमकणारा, कडेनं पांढरी पानं कोरलेली. आत्ती पुढं झाली. बुडाशी एक बारीक खळगा होता. मागल्या साली एक फळ दगडाला टेकलं होतं आणि मी ते फिरवायला विसरले होते. आत्तीनं त्या खळग्यावर अंगठा फिरवला आणि माझ्याकडं बघितलं. मी मूठ वळून दाखवलं, "त्योच!"

"वाजवा आता, चाचा!" दौलातात्या ओरडला. "गाऊ द्या भोपळ्याला!"

चाचानं खुंट्या पिळल्या, कान लावला, पुन्हा पिळल्या. तारांखाली सुताचा एकेक तुकडा सरकवला. मग तंबोरा मांडीशी उभा धरून बोटं सोडली. एक तार, मग दोन, मग एक जाडी. पुन्हा पहिली. पुन्हा तेच. पुन्हा तेच.

लोक बसले. वाट बघत बसले. चाचा डोळे मिटून तेच ते छेडत होता. कुणी खाकरलं. एक पोर रडलं, त्याच्या आईनं त्याला पाजायला घेतलं. आबानं थोडा वेळ कान देऊन ऐकलं, मग हळूच म्हणाला, "चाचा, जुळलं न्हवं? मग गानं कवा लागायचं?"

चाचानं डोळे उघडले. "ह्येच की पाटील. तंबोरा एवढंच बोलतो."

"म्हंजे? गात न्हाई?"

"गात न्हाय. गानाऱ्याच्या मागं ऱ्हातो."

 आणि मग दौलातात्या जो हसला! मांडीवर थापा मारत हसला. "आगं हौसे, तुजा भोपळा मुका निगाला की गं! नुसतंच घूंऽऽ घूंऽऽ! माशी बरी हेच्यापरीस!" मग सगळं खळं हसलं. बाया पदर तोंडाला लावून हसल्या. आबा हसला नाही, पण त्यानं मान फिरवली, आणि ते जास्त लागलं. आत्ती तिथंच उभी. कान लालबुंद. एका हातानं पदराचं टोक पिळत होती. एवढ्या वर्षांचा तिचा विश्वास लोकांनी पायाखाली घातला होता. तिलाही वाटलं होतं तो गाणं म्हणतो.

मला मात्र हसूही येत नव्हतं, रडूही येत नव्हतं. माझ्या अंगावर काटा आला होता. कारण तो आवाज मला माहीत होता. मी रोज ऐकत होते! पहाटे वाकळ अंगाभोवती घेऊन मी जात्यापाशी जायची, आईच्या मांडीवर डोकं टाकून पडायची. आई आणि आत्ती समोरासमोर एका खुंट्याला हात लावून बसायच्या. जातं फिरायला लागलं की त्याची घरघर मांडीतून माझ्या कानात यायची, गोल गोल, न थांबता, आणि तिच्यावर दोघींची ओवी चढायची. आई एक ओळ टाकायची, आत्ती दुसरी उचलायची. दिवसभर एकमेकींशी न बोलणाऱ्या त्या दोघी पहाटे तेवढ्या बोलायच्या, तेही ओवीत. उजाडलं की पुन्हा "सोजरे, तुज्या आत्तीला म्हनावं."

"आये!" मी सगळ्यांच्या हसण्यावर ओरडले. "आये, ह्ये जात्यावानी घुमतंय की गं!"

लोक आणखी हसले. "ऐकलं का, मिरजेचं जातं!" तात्या म्हणाला. "आना जोंधळं, दळून घिऊ!"

आई बायांच्या मागं कडेला उभी होती. तिनं हसणाऱ्यांकडं बघितलं, मग आत्तीच्या लाल झालेल्या कानांकडं. मग ती गर्दीतून वाट काढत पुढं आली.

"दौलाभावजी, दात मिटा," ती म्हणाली. "आमच्या घरची हाय ती. तिला हासायचं तर आमी हासू. तुमी कोन?" आणि चाचाकडं वळून, "वाजवा हो तुमी. थांबू नगा."

चाचानं पुन्हा छेडायला सुरुवात केली. आई खाली बसली. पदर डोक्यावरून पुढं ओढला, एवढा पुढं की तिचं तोंडच दिसेना. ती कान देऊन ऐकत होती. मग तिचा उजवा हात आपोआप जमिनीवर खुंटा धरल्यासारखा झाला. आणि घुंगटाच्या आतून तिनं ओवी टाकली.

पहिल्या शब्दाला सूर वर गेला. चाचानं लगेच हात उचलला, "सबुरीनं माय, तुमचा सूर उंच हाय," आणि झटपट खुंट्या पिळून तंबोरा तिच्या आवाजाजवळ आणून ठेवला. "हां. आता म्हना."

*वड्याच्या कडंला गं, येल चढला कुपावरी*
*नणंद माजी बाई, हात फिरवी फळावरी*

माझ्या आईचा आवाज मी रोज ऐकला होता. असा कधीच ऐकला नव्हता. पहाटे तो दमलेला असायचा, पीठ आणि घाम आणि धूर त्यात असायचा. इथं तंबोऱ्यानं तो तळहातावर घेतला. आई एक शब्द सोडायची तर तो लगेच खाली पडायचा नाही, तारा त्याला धरून ठेवायच्या. मला रडायला आलं, का आलं ते कळलं नाही. खळ्यात कुणी हसत नव्हतं.

ओळ संपली. आई थांबली. जात्यावर थांबायची तशीच, दुसरीनं उचलावी म्हणून. तंबोरा घुमत राहिला. आत्ती उभीच होती. मला वाटलं, ती म्हणणार नाही. एवढ्या गड्यांसमोर कशी म्हणेल? मग ती आईच्या समोर बसली, जात्याला बसतात तशी, एक पाय लांब करून.

*कडू माजं फळ गं, कुनी चाखून बगू नये*
*बंधवाच्या दारी बाई, सावली मोजू नये*

हे तिनं तिथंच जोडलं. अशी ओवी आमच्या जात्यावर त्याआधी कुणी म्हटली नव्हती. बायांतल्या एका म्हातारीनं "अगं माजे बाई गं" म्हणून डोळ्यांना पदर लावला. आबा उठला. कुणाकडं न बघता खळ्यातून बाहेर गेला, गोठ्यात जाऊन बैलांना पाणी दाखवायला लागला. बैल नुकतेच पाणी पिऊन आले होते, त्यांनी तोंड फिरवलं, तरी तो बादली धरून उभा राहिला.

चाचा निघाला तेव्हा दौलातात्यानंच त्याची गवसणी गाडीपर्यंत खांद्यावर घेतली. "लई दनकट माल हाय बगा," एवढंच म्हणाला. तो बिचारा आणखी काय म्हणणार?

मला वाटलं, झालं, रान वाचलं. पण आबा त्याबद्दल चकार शब्द बोलला नाही. तात्याची बैलजोडी नांगराला सांगून ठेवलेली तशीच. उसाचं बेणं ठरलेलं तसंच.  आत्तीनं बी काढून गाडग्यात भरलं, तोंड फडक्यानं बांधलं आणि ते फडताळात मागं सारलं. वेलांचे वाळके खुंट उपटून बांधावर रचले. मी म्हटलं, "आत्ती, आळी कवा खनायची?" ती म्हणाली, "बगू." आणि एके दिवशी सकाळी खुरपं घेऊन दुसऱ्याच्या रानात मजुरीला गेली. पहिल्यांदाच. परत आली तेव्हा मालकिणीनं वरून ओंजळीत ओतलेल्या पाण्यानं तिची चोळी भिजली होती. भांडं दिलं नाही तिला, दारात बसवलं. आईनं ती चोळी बघितली, आणि भाकरी त्या दिवशी तिनं स्वतः वाढली, गरम तव्यावरची.

दुसऱ्या दिवशी बाजार. आबानं जोंधळ्याचं पोतं खांद्यावर घेतलं. गिरणीत दळण टाकायचं आणि तसंच पुढं जाऊन नांगराचं पक्कं करून यायचं. आत्ती मजुरीला निघायच्या तयारीत उंबऱ्याशी, डोक्याला फडकं बांधत होती.

"पोतं खाली ठिवा," आई म्हणाली.

"का? गिरनी गिरनी म्हनून वरीसभर डोस्कं खाल्लंस की माजं."

"खाल्लं. आता ठिवा खाली."

"आगं पर का?"

"वड्याकडंच्या तुकड्यात नांगर घालनार न्हवं तुमी? बाकी सगळ्यात घाला, त्येवढा सोडा."

"त्या भोपळ्यापायी?" आबा चिडला. आईला तो नावानंच हाक मारायचा. "कोंडे, गानं ऐकलं म्हनून पोट भरतं का?"

"भोपळं गेलं खड्ड्यात," आई म्हणाली. "तुकडा मोडला तर ही रोज लोकांच्या दारात वंजळीनं पानी पिनार. आन येक दिवस बिगी बिगी गाठुडं बांदून कुटं तरी निगून जानार. मला म्हाईत हाय ना हिचा तोरा. मग माजी ओवी कोन उचलायची?"

"गिरनी हाय की आता! ओवी कशाला पायजे?"

"गिरनीत पीट निगतं," आई म्हणाली. "तेवढंच निगतं. येवढी वरीसं झाली, मी हिच्या ओवीवर जातं वडतीया. येकलीच्यानं न्हाई वडवत मला. का तुमी बसताय पाटंचं माज्या म्होरं? बसा, म्या टाकते ओवी, तुमी उचला."

आबानं पोतं खाली ठेवलं.  मग कानशील खाजवत म्हणाला, "माजा गळा फुटलाय, कोंडे. तुला ठावं हाय."

"म्हनून तर म्हनते."

उंबऱ्याशी आत्ती फडकं हातात धरून उभी होती. तिच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि ती ते पुसतही नव्हती. आई तिच्याकडं वळली. मला वाटलं, आता म्हणणार, "सोजरे, तुज्या आत्तीला म्हनावं." माझी मान वरसुद्धा झाली होती.

"वन्सं," आई म्हणाली, "आत या. जोंधळं पाखडायचं हायती."